मावशी, डिलिव्हरी कॅनडात करू का ब्राझीलमध्ये?

पत्र

मावशी, नमस्कार. मी लातूरची, वय २८, पहिलटकरीण आहे, १६ आठवडे झाले. हे पुण्याच्या आयटी कंपनीत आहेत पण दोन वर्षं झाली वर्क फ्रॉम होम, म्हणून आम्ही लातूरलाच सासरी राहतो. ह्यांच्या डोक्यात बसलंय की बाळ बाहेरच्या देशातच झालं पाहिजे, म्हणजे त्याला जन्मताच तिकडचं नागरिकत्व मिळतं आणि पुढं आपलं पण काम होतं. पुण्यातला एक एजंट २८ लाखाचं पॅकेज सांगायलाय. त्याच्या ब्रोशरवर अमेरिका, कॅनडा, ब्राझील, अर्जेंटिना, लंडन, ऑस्ट्रेलिया, दुबई एवढे झेंडे आहेत, आपण फक्त निवडायचं. तो म्हणला व्हिसाच्या इंटरव्ह्यूला सैल ड्रेस घालून जा, पोट दिसू देऊ नका, फिरायला चाललो म्हणून सांगा. सासरे औसा रोडची दोन एकर काढायला तयार आहेत. चुलत नणंद टोरांटोजवळ असते, ती म्हणायलीय बिनधास्त या. माझी आई निलंग्याकडं असते, तिला अजून काहीच सांगितलं नाही, तिचा तीनदा फोन येऊन गेला की डिंक किती आणू म्हणून. मावशी, कोणता देश बरा पडेल? आणि बाळाला दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का?

मावशीचं उत्तर

अगं माय, आधी अभिनंदन. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात ह्यांचं म्हणणं आहे, सासऱ्यांचं आहे, नणंदेचं आहे, त्या एजंटचं तर अर्धा पान आहे, पण तुला स्वतःला कुठं बाळंत व्हायचंय ते एका ओळीत पण सापडलं नाही मला. ते राहू दे, त्याच्यावर नंतर येते, आधी त्या ब्रोशरचं बघू कारण ते वाचून माझा चहा गार झाला.

सात झेंडे ना? त्यातले तीन तर सरळ खोटे आहेत. लंडनमध्ये नुसतं जन्मलं म्हणून ब्रिटिश होणं १ जानेवारी १९८३ ला बंद झालं, मी तेव्हा पाचवीत होते बघ. आता आई-बापापैकी एक जण तरी तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो. ऑस्ट्रेलियानं तेच २० ऑगस्ट १९८६ पासून केलं. दुबईत तर हा प्रकार कधी नव्हताच, आपल्याकडची कितीतरी पोरं दुबई-शारजात जन्मली आणि सगळ्यांना आपला निळा भारतीय पासपोर्टच आहे. आयर्लंड हा युरोपातला शेवटचा देश जिथं हे चालायचं, त्यांनी पण २००४ ला जनमत घेऊन बंद केलं, न्यूझीलंडनं २००६ ला. आणि दुसऱ्याला नावं कशाला ठेवायची, आपल्या देशात सुद्धा १ जुलै १९८७ च्या आधी जो इथं जन्मला तो भारतीय होता, नंतर आई-बापापैकी एक भारतीय पाहिजे झालं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसला पाहिजे हे पण लागलं. म्हणजे दारं सगळीकडंच लागायलीत, आणि हा बाबा ४० वर्षांपूर्वी लागलेल्या दाराचं तिकीट २८ लाखाला विकायलाय. ज्याला एवढं माहिती नाही, नाहीतर माहिती असून छापलंय, त्याच्या हातात तू तुझं बाळंतपण देणार?

राहिले चार. अमेरिकेचं सांगते, कारण जावईबापूंचा जीव तिथंच अडकला असणार. तिथं जन्मेल तो नागरिक हे त्यांच्या घटनेच्या १४ व्या दुरुस्तीत आहे, १८६८ पासून. पण जानेवारी २०२० ला त्यांनी व्हिसाचा नियमच काढला की फक्त मुलाला नागरिकत्व मिळावं म्हणून येणाऱ्या बाईला टुरिस्ट व्हिसा द्यायचा नाही. आणि जानेवारी २०२५ ला ट्रम्पनं शपथ घेतली त्याच दिवशी आदेश काढला की आई टेम्पररी व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर तिथं जन्मलेलं मूल नागरिक धरायचं नाही. कोर्टांनी तो अडवला, भांडण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पण तेव्हा काय झालं आठवतं का, आदेश लागू व्हायची तारीख फेब्रुवारीतली होती तर तिकडच्या आपल्याच बायका त्याच्या आधी सिझर करून घ्यायला डॉक्टरकडं चौकशी करायल्यात अशा बातम्या आल्या होत्या, त्यात सातव्या-आठव्या महिन्यातल्या सुद्धा. कागदासाठी बाळ महिनाभर आधी बाहेर काढायचं! मला त्या रात्री झोप लागली नव्हती खरंच.

आणि ते सैल ड्रेसचं. ह्याच्यावर मी स्पष्टच बोलते. व्हिसा ऑफिसरपुढं खोटं बोलून व्हिसा घेतला आणि ते सापडलं तर अमेरिका कायमचं दार लावू शकते, वर्षा-दोन वर्षांसाठी नाही, कायमचं. कॅनडात खोट्या माहितीसाठी ५ वर्षांची बंदी आहे. सापडत नाही म्हणू नकोस, तिथं एअरपोर्टवर उतरताना पुन्हा विचारतात, फोन पण उघडून बघू शकतात, आणि सातव्या महिन्याचं पोट कुठल्या ड्रेसात लपतं ते त्या एजंटला त्याच्या बायकोनं तरी सांगायला पाहिजे होतं. उद्या ह्यांच्या कंपनीनं खरंच ऑनसाइट पाठवायचं ठरवलं तर ह्या एका खोट्यापायी ते पण गेलं. एजंटचं काय जातंय, अर्जावर सही तुझी असते.

कॅनडाचं तुझ्या नणंदेनं सांगितलं ते अर्धं खरं आहे. व्हिजिटर म्हणून जाऊन तिथं बाळंत होणं गुन्हा नाही, जन्मलेलं मूल कॅनेडियन होतं, आणि गरोदर आहे एवढ्यावरून व्हिसा नाकारायचा असा नियम पण नाही. खरं सांगून, खर्चाची सोय दाखवून, परत येणार हे पटवून अर्ज करता येतो. पण तिथलं फुकट औषधपाणी तिथल्या रहिवाशांना आहे, तुला नाही. हॉस्पिटल आधी हजारो डॉलर डिपॉझिट ठेवून घेतं, डॉक्टरचे वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे, बाळाचे वेगळे. नणंदेला विचार, हे सगळं तिनं स्वतः भरलंय का तिच्या हेल्थ कार्डवर झालंय. कार्डवर झालं असेल तर तिच्या अनुभवाचा तुला काडीचा उपयोग नाही.

अमेरिकेचा आकडा पण ऐकून ठेव म्हणजे २८ लाखाचा अंदाज येईल. तिथं कंपनीचा विमा असलेल्या बायकांच्या गरोदरपण-बाळंतपणाचा एकूण खर्चच सरासरी १८ ते २० हजार डॉलर येतो, म्हणजे साधारण १६-१८ लाख, त्यातलं बरंचसं विमा भरतो म्हणून त्यांना जाणवत नाही. तुला विमा नाही. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बाळंतपण सहसा धरतच नाहीत, ती बारीक अक्षरं एकदा भिंगानं वाच. आणि बाळ लवकर आलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर तिथं दिवसाचे हजारो डॉलर लागतात, मग औसा रोडची दोन एकर काय आणि दहा एकर काय.

अर्जेंटिनाला २०२३ च्या फेब्रुवारीत एकाच विमानातून ३३ गरोदर रशियन बाया उतरल्या होत्या, युद्धाला वैतागून, त्यांचं कारण तरी समजतं. तिथलं सरकार पण नंतर शहाणं झालं, २०२५ ला नियम आवळले, बाहेरच्यांना दवाखान्याचे पैसे आणि आई-बापाला नागरिकत्व पाहिजे तर दोन वर्षं सलग तिथं राहणं लावलं.

ब्राझीलमध्ये मात्र, खरं ते खरं, आई-बापाला पण लवकर काहीतरी मिळतं. मूल तिथं जन्मलं की ते ब्राझिलियन, त्याच्या आधारावर तुम्हाला तिथं राहायचा परवाना मागता येतो आणि मग एक वर्ष राहून, पोर्तुगीज शिकून नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. सरकारी दवाखाना परदेशी माणसाला पण फुकट आहे. पण राहायचं म्हणजे राहायचं, लातूरला बसून नाही. जावईबापूंना विचार, साओ पाउलोत घर भाड्यानं घेऊन पोर्तुगीज बोलत जगायची तयारी आहे का, असेल तर मी पहिली टाळ्या वाजवीन. नसेल तर लातूर एक्सप्रेसनं एक रात्र मुंबईपर्यंत आणि पुढं दोन-दोन विमानं, आठव्या महिन्यातलं पोट घेऊन, कशासाठी? आणि एक, तिथं निम्म्याहून जास्त बाळंतपणं सिझरनं होतात, खाजगीत तर शंभरातली ऐंशीच्या वर. नॉर्मल पाहिजे म्हणून हट्ट धरणारी असशील तर हे पण धरून चाल.

आता 'पुढं आपलं पण काम होतं' ह्याचं. अमेरिकेत जन्मलेलं पोरगं २१ वर्षांचं झाल्याशिवाय आई-बापाला बोलावू शकत नाही, म्हणजे तू पन्नाशीला टेकलेली, गुडघे दुखायलेत, आणि त्या पोरानं 'माझं मला बघू दे' म्हणलं तर? कॅनडात १८ व्या वर्षानंतर, ते पण त्याची तेवढी कमाई असेल आणि त्या योजनेत नंबर लागला तर. जावईबापूंना तिकडं जायचंच असेल तर स्वतःच्या शिक्षणावर, नोकरीवर जावं ना, अजून न जन्मलेल्या लेकराच्या खांद्यावर कशाला बसायचं.

दोन पासपोर्टचं उत्तर सरळ आहे, नाही ठेवता येत. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. बाहेर जन्मलेल्या मुलाला भारतीय करायचं तर वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत नोंद करायची आणि लिहून द्यायचं की ह्याच्याकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. मग त्याचा तिकडचा हक्क झोपलेला राहतो आणि १८ पूर्ण झाल्यावर ६ महिन्यांत त्यानं ते नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीयत्व जातं. आणि तिकडचा पासपोर्ट काढला तर ते बाळ कागदावर परदेशी, त्याला तुझ्या कडेवर बसून लातूरला यायला भारताचा व्हिसा लागणार, नाहीतर ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्याला आपलं सरकार देतं ते कार्ड. स्वतःच्या आजोबाच्या घरी यायला व्हिसा, बघ कसं वाटतं.

ओसीआय म्हणजे सगळं मिळतं असं एजंट सांगणार. मत देता येत नाही, सरकारी नोकरी साधारण मिळत नाही, हे एकवेळ सोड. पण तू राहतेस लातूरला! ट्यूशन एरियातून संध्याकाळी साडेसहाला गाडी काढून दाखव, एवढी पोरं कशासाठी येतात तिथं? आणि ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय झालेल्या मुलाला नीटमधून फक्त एनआरआय कोट्याच्या सीटा आहेत, सुप्रीम कोर्टानं पण २०२३ ला ते त्यांच्यापुरतं कायम ठेवलं. म्हणजे आख्ख्या मराठवाड्यातली पोरं खोली करून लातूरला येऊन डॉक्टर होणार, अंबाजोगाईच्या, नांदेडच्या सरकारी कॉलेजात जाणार आणि तुझं लातूरचं लेकरू त्याच क्लासच्या गल्लीत वाढून त्या सीटसाठी परका. राखीव जागेचा तर विषयच मिटला. इथं लोक पणजोबाची एक नोंद सापडावी म्हणून निजामाच्या काळातली दप्तरं उपसायलेत, उर्दू-मोडी वाचणारा माणूस शोधत फिरायलेत, आणि तुम्ही २८ लाख देऊन ती नोंद लेकराच्या हातातून काढून घ्यायलात. (माझी आजी उदगीरकडची, निजामाच्या राज्यात जन्मली. १७ सप्टेंबर १९४८ ला ती अंगणात शेण सारवत होती म्हणे आणि तिचा देश बदलला. जागची हललीसुद्धा नाही, एक रुपया खर्च नाही.)

आणि जमीन. ओसीआयवाल्याला वारशानं शेत मिळू शकतं पण विकत घेता येत नाही, गुंठाभर पण नाही. तुझे सासरे ज्या नातवासाठी दोन एकर विकायलेत त्याच नातवाला ती उद्या पैसे असून परत घेता येणार नाही, हे त्यांना नीट सांग, मराठीत सांग, संध्याकाळी जेवण झाल्यावर सांग. माझा अंदाज आहे की ब्रोशर तिथंच मिटेल. अमेरिकन झालं तर अजून एक शेपूट, तो जगात कुठंही कमावू दे, कमाई ठरलेल्या मर्यादेवर गेली की दरवर्षी अमेरिकेला हिशोब द्यायचा. पोराला वारशात पासपोर्ट देताय का आयकराचं रिटर्न, ठरवा.

आता बाळंतपणाचं, ज्याच्याबद्दल एजंट एक शब्द बोलला नाही. विमान कंपन्या साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात आणि ३६ नंतर बहुतेक जणी बसू देत नाहीत, जुळं असेल तर ३२ लाच थांबवतात. गरोदरपणात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढलेला असतो, त्यात १५-२० तास पाय लोंबकळत. म्हणजे तुला सातव्या महिन्यात निघावं लागणार, बाळाचा पासपोर्ट-व्हिसा होईपर्यंत परत येणं नाही, असे साडेतीन-चार महिने. नणंदेच्या घरी. चुलत नणंदेच्या. तिथं दोघं सकाळी आठला कामावर जातात, बाहेर बर्फ, टाके ओले, छातीला दूध उतरत नाही, आणि तू कुणाला हाक मारणार?

माझी भाची टेक्सासला बाळंत झाली, नवऱ्याच्या नोकरीमुळं होतीच तिथं, विमा सगळा होता. दवाखाना एकदम चकाचक, नर्स प्रेमळ, सिझर झालं आणि चौथ्या दिवशी घरी. आईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळाली नाही. पोरगी रात्री तीनला व्हिडिओ कॉल लावायची, आम्ही इकडं दुपारी जेवता जेवता फोन भाताच्या डब्याला टेकवून ठेवायचो आणि ती नुसती रडायची, बोलायची पण नाही. माझ्या बहिणीनं फोनवरून अळीवाची खीर शिकवली जावयाला, त्यानं अळीव म्हणून मोहरी घातली. आता हसतो आम्ही. तेव्हा नाही हसलो. सव्वा महिना टाळू भरणारं, शेक देणारं, आई झोपली असताना लेकरू मांडीवर घेणारं माणूस लागतं गं, त्याचं पॅकेज कुणी छापत नाही.

बाहेर जाऊच नको असं माझं म्हणणं नाही हं. उद्या कंपनीनं ह्यांना खरंच नेदरलँड्सला पाठवलं, दोघं तिथले रहिवासी म्हणून विमा भरून राहिलात आणि तिथं दिवस गेले तर खुशाल तिथं हो बाळंत. त्या लोकांकडं बाळंतपणानंतर आठवडाभर एक शिकलेली बाई रोज घरी येते, टाके बघते, दूध पाजायला शिकवते, कपडे पण धुते, विम्यातून. आपल्या सुइणीचंच काम, पण पगारी आणि सर्टिफिकेटवाली. पोराला डच पासपोर्ट मिळत नाही त्यानं, पण बाळंतिणीला झोप मिळते. देश निवडायचाच तर मी असा निवडीन, जिथं आपण राहतो, जिथं आपला विमा आहे, जिथं कुणापुढं पोट लपवावं लागत नाही.

तुझ्याबाबतीत तो देश आत्ता लातूर आहे, माझं मत एवढंच. १८ ते २० आठवड्यांत अॅनोमली स्कॅन असतो, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत का बघणारी सोनोग्राफी, तो व्हिसाच्या नादात चुकवू नको. २४ ते २८ मध्ये शुगरची तपासणी. हिमोग्लोबिन आत्ताच बघून घे, आपल्याकडं दहातल्या पाच-सहा जणींचं कमीच निघतं. बाळाची पेटी आणि रक्ताची सोय असलेला दवाखाना बघून ठेव, निलंग्याला माहेरी जायचं असेल तर तिथून लातूरला रात्री किती वेळात पोचता येतं ते ह्यांना एकदा गाडी चालवून बघायला लाव. २८ लाखातले चार-पाच लाख बाजूला ठेवले तरी चांगल्यातल्या चांगल्या खाजगीत बाळंतपण, वर पेटीचे चार दिवस लागले तर ते पण निघतील, आणि बाकीचे त्या पोराच्या नावावर ठेवा, १८ व्या वर्षी त्याला वाटलं तर तोच जाईल टोरांटोला शिकायला, स्वतःच्या मार्कांवर.

एजंटला टोकन दिलं असेल तर पावती घे आणि लेखी मागून घे की लंडनला जन्मून नागरिकत्व कुठल्या कायद्यानं मिळतं. उत्तर येणार नाही, पैसे कदाचित येतील. ह्यांच्याशी भांडू नको, हे उत्तर त्यांना वाचायला दे, शिव्या द्यायच्या तर मला देतील.

आणि आईला आज फोन कर. डिंक बाभळीचा सांग, किलोभर पुरतो, खारीक बी काढून आणायला सांग, नाहीतर ते तुलाच बसून काढावं लागेल.